काट्याची पावती आणि जुना संगणक



हेड ऑफिसात नवे संगणक आले, मग वजनकाट्याच्या खोलीत तो जुनाट डबा अजून कशाला ठेवलाय, असा सवाल बरेच सभासद आम्हाला करतात. सवाल रास्त आहे. त्याचा संबंध थेट आपल्या बिलाशी असल्याने येथे जरा सविस्तर उत्तर देत आहोत.

भरल्या गाडीचे वजन होते, गव्हाणीत ऊस टाकून गाडी परतली की रिकामे वजन होते. वजाबाकी करून जे उरते तो आपला ऊस. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, आणि त्या हिशेबाचे मूळ म्हणजे काट्याची पावती. पावती अडली की मागे ट्रॅक्टरांची रांग लागते. उन्हात ऊस वाळतो, वजन घटते, आणि तोटा शेतकऱ्याचाच होतो.

काट्याचा प्रोग्राम डॉसच्या जमान्यातला आहे. हिशेब चोख करतो, पण ६४-बिटच्या विंडोजवर तो चालतच नाही. म्हणून तेथे २००१ साली निघालेले विंडोज एक्सपी, तेही ३२-बिटचे, ठेवले आहे. दुसरी गोष्ट, हा प्रोग्राम एकच प्रिंटर ओळखतो. एलपीटी१ नावाच्या पोर्टला केबलने जोडलेला. पण आपल्याकडे भरला काटा व रिकामा काटा मिळून संगणक दोन, आणि पावतीची खिडकी एक. तेव्हा एकच प्रिंटर दोघांना नेटवर्कवरून वापरता यावा, अशी जोडणी करावी लागते.

प्रिंटर मात्र तो टकटक करणारा डॉट मॅट्रिक्सच हवा. त्याच्या पिना रिबनवर ठोके मारतात, म्हणून कार्बन घालून तीन प्रती एकदम निघतात. लेझर प्रिंटरला हे जमत नाही. या प्रिंटरला प्रिंट सर्व्हर नावाची लहान डबी लावली की तो नेटवर्कवर येतो.

पुढची पायरी पत्त्याची. डबीला कायमचा पत्ता द्यावा, समजा १९२.१६८.१.५०. पत्ता आपोआप मिळू दिला तर तो कधीतरी बदलतो, आणि पावत्या जुन्याच पत्त्यावर जात राहतात. सातबाऱ्यावर जसा गट नंबर पक्का, तसा हाही पक्का हवा. मग संगणकावरून ‘पिंग’ करून पाहावे. या बांधावरून त्या बांधावर हाळी द्यावी आणि पलीकडून ‘ओ’ यावी, तसाच हा प्रकार.

‘ओ’ आली की दोन्ही संगणकांवर ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ उघडून हा पत्ता भरावा आणि ‘रॉ’ प्रकार, क्रमांक ९१००, निवडावा. बहुतेक डब्या हा क्रमांक ओळखतात. ड्रायव्हर साधा ‘जेनेरिक, टेक्स्ट ओन्ली’ पुरतो. एकाची पावती चालू असली की दुसऱ्याची रांगेत थांबते.

आता त्या डॉस प्रोग्रामची समजूत घालायची. प्रिंटरला त्याच संगणकावर आठ अक्षरांच्या आतले नाव देऊन शेअर करावे आणि ‘नेट यूज एलपीटी१’ या आज्ञेने त्या नावाशी जोडून द्यावे. शेवटी ‘पर्सिस्टंट येस’ लिहिले की संगणक बंद करून चालू केला तरी जोडणी टिकते. संगणकाला स्वतःचे एलपीटी१ पोर्ट असेल आणि ते आडवे येत असेल, तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मधून बंद करावे. प्रोग्रामला वाटते प्रिंटर शेजारीच आहे. पावती मात्र वायरीवरून खिडकीत निघते.

एक पथ्य कडक पाळावे लागते. एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या घातक प्रोग्रामने जगभर संगणक अडवून खंडणी मागितली. तो फाइली व प्रिंटर वाटून घेण्याच्या जुन्या एसएमबी-१ पद्धतीतल्या भोकातून शिरत होता. त्याच वर्षीपासून विंडोज १० च्या नव्या आवृत्तीत ही पद्धत मुळात बंदच येऊ लागली. जुन्याशी जमावे म्हणून ऑफिसातल्या नव्या संगणकावर ती चालू करणे म्हणजे कुंपण काढून रानडुकराला वाट देणे. म्हणूनच नव्या संगणकाला मध्ये न घालता काट्याचे संगणक थेट डबीशी बोलतात. त्यांना इंटरनेट नाही, आणि कोणाचाही पेनड्राइव्ह तेथे लावू दिला जात नाही.

आता सभासदांच्या उपयोगाचे. प्रिंटर बंद पडला तर पावती नाहीशी होत नाही, संगणकात रांगेत राहते. अशा वेळी ‘अजून एकदा दाबा की’ म्हणून काटा क्लार्कच्या मागे लागू नका. जितक्या वेळा बटण दाबाल तितक्या पावत्या नंतर भराभर निघतात आणि घोटाळा होतो. एकाच क्रमांकाच्या दोन पावत्या म्हणजे वजन एकच, हे ध्यानात ठेवा.

गाडीवान व मुकादम यांनाही सांगून ठेवा, की पावती हातात आल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. सभासदाचे नाव, गट नंबर, भरले व रिकामे वजन तेथेच वाचून घ्यावे. वाचता येत नसेल तर क्लार्ककडून वाचून घ्यावे, त्यात लाज कसली? फरक दिसला तर गाडी हलण्याआधीच बोलावे. संगणक जुना असो वा नवा, आपल्या घामाचा दाखला तो कागदच आहे.

— संपादक मंडळ