देश म्हणजे कोणाचे वतन नव्हे

जानेवारी उजाडला की शाळकरी मुले घरी विचारतात, १५ ऑगस्टला झेंडा लावला होता, मग २६ जानेवारीला पुन्हा कशाला? मोठी माणसे सांगतात, त्या दिवशी घटना लागू झाली. उत्तर बरोबर आहे, पण तेवढ्याने पोराचे समाधान होत नाही. कायदे इंग्रजांच्या काळातही लागू होतच होते. त्यासाठी कोणी मिठाई वाटली नाही.

मी कारकून माणूस, कागदाच्या भाषेत सांगतो. जमीन ताब्यात आली, नांगर घातला, पीक घेतले, पण सातबाऱ्यावर नाव जुन्या सावकाराचेच, असे कधी कधी होते. १५ ऑगस्ट १९४७ ते २५ जानेवारी १९५० हा काळ तसाच होता. इंग्रज सरकार गेले, पंडित नेहरूंचे मंत्रिमंडळ आले, बाबासाहेब कायदामंत्री झाले. तरी कागदोपत्री भारत ‘डोमिनियन’ होता आणि त्याचा राजा इंग्लंडचा सहावा जॉर्ज होता. दिल्लीत त्याच्या वतीने गव्हर्नर जनरल बसत, आधी माउंटबॅटन आणि जून १९४८ पासून राजगोपालाचारी. आपल्या नौदलाच्या व हवाई दलाच्या नावाआधी ‘रॉयल’ हा शब्द होता. बाजारातल्या नाण्यांवर राजाचा मुखवटा होता. २६ जानेवारी १९५० ला सकाळी १० वाजून १८ मिनिटांनी भारत गणराज्य झाल्याची घोषणा झाली. सहा मिनिटांनी डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली आणि फेरफार पुरा झाला. त्याच दिवशी सारनाथच्या अशोकस्तंभावरील सिंह भारताची राजमुद्रा झाले, आणि १५ ऑगस्ट १९५० रोजी निघालेल्या नव्या नाण्यांवर राजाच्या जागी ते आले. तथागतांनी जिथे पहिला उपदेश केला, तिथला तो स्तंभ. मुलांच्या हातात नाणे देऊन हे एकदा अवश्य सांगावे.

आता सातबाऱ्यावर नवे नाव कोणाचे लागले? ‘रिपब्लिक’ हा शब्द लॅटिन भाषेतून आला आहे. त्याचा मूळ अर्थ सार्वजनिक गोष्ट, म्हणजे सर्वांची वस्तू. सार्वजनिक रस्ता, सार्वजनिक पाणवठा, तसाच सार्वजनिक देश. राजेशाहीत देश हे राजाचे वतन असते. ते बापाकडून मुलाकडे जाते. मुलगा शहाणा की खुळा, हे कोणी विचारीत नाही.

वतन म्हणजे काय, हे आपल्या समाजाला शिकवावे लागत नाही. आपल्या वाडवडिलांनाही वतन होते. गावाची पडेल ती चाकरी, मेलेले ढोर ओढणे, सरकारी सांगावा घेऊन उन्हातान्हात धावणे आणि त्याच्या बदल्यात बलुते. हेही बापाकडून मुलाकडेच येत असे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन बिल मांडले. ती वतने कायद्याने जायला १९५८ साल उजाडावे लागले. सिंहासनावरचा राजा आणि वेशीवरचा येसकर ही एकाच दोरीची दोन टोके होती. त्या दोरीचे नाव जन्म. म्हणून आमच्या मते १५ ऑगस्टपेक्षा २६ जानेवारी आपल्याला अधिक जवळचा आहे. पहिल्या दिवशी परका राज्यकर्ता गेला. दुसऱ्या दिवशी जन्मावरून माणसाची जागा ठरविण्याचा हक्कच कायद्याने काढून घेतला.

महाडचे उदाहरण घ्या. मुंबई कौन्सिलाने १९२३ साली ठराव केला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीरही केले. तरी आपल्या माणसांना तिथे पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. पुढे कोर्टात विरोधकांनी सांगितले की तळे खाजगी आहे! दहा वर्षे तो वाद चालला आणि मार्च १९३७ मध्ये हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला. भांडण होते ते ‘सार्वजनिक’ या एका शब्दाचे. घटनेचे १५ वे कलम उघडून पाहा. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांची नावे त्यात स्पष्ट लिहिली आहेत. महाडची वाट चाललेल्या माणसाला त्या शब्दांचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

कोणी म्हणेल, इंग्लंडात राजा आहे, मग तिथे लोकशाही नाही काय? आहे. मतदान होते, सरकार बदलते. पण राष्ट्रप्रमुखाची खुर्ची एका घराण्यासाठी राखीव आहे आणि त्या खुर्चीवर रोमन कॅथलिक माणूस कायद्याने बसू शकत नाही. उलट उत्तर कोरियाच्या नावात लोकशाही आणि प्रजासत्ताक हे दोन्ही शब्द आहेत. तिथे मात्र सत्ता आजोबाकडून बापाकडे आणि बापाकडून नातवाकडे गेली. तेव्हा नुसत्या पाटीवर जाऊ नये. आपल्याकडे पस्तीस वर्षे पूर्ण झालेला आणि लोकसभेला उभा राहण्यास पात्र असलेला कोणीही नागरिक राष्ट्रपतिपदासाठी उभा राहू शकतो. कलम ५८ मध्ये कुळाचा रकाना नाही.

शेजारच्या नेपाळचा इतिहास तर आपल्या घरचाच वाटावा असा आहे. तिथला राजा विष्णूचा अवतार मानला जाई. १८५४ च्या ‘मुलुकी ऐन’ या कायद्यात कोणत्या जातीचे पाणी चालते आणि कोणत्या जातीचे चालत नाही, हे लिहिलेले होते. गुन्हा एकच असला तरी जातीप्रमाणे शिक्षा वेगळी होती. तथागतांची जन्मभूमी लुंबिनी ज्या देशात, तिथली ही स्थिती! २८ मे २००८ ला तिथल्या संविधान सभेने ५६० विरुद्ध ४ मतांनी राजेशाही संपविली. राजा ज्ञानेंद्र जूनमध्ये राजवाडा सोडून गेला आणि त्या वाड्याचे वस्तुसंग्रहालय झाले. त्यानंतर सरकारे भराभर पडली, लोक कंटाळले, राजा परत आणा म्हणणारे मोर्चेही निघाले. कंटाळा समजू शकतो. पण वाईट सरकार मताने घालविता येते. जन्माने आलेल्या राजाला घालविण्याची तारीख कोणत्याही पंचांगात नसते.

दूर कॅरिबियन समुद्रातले बार्बाडोस हे छोटे बेट पाहा. तिथल्या बहुसंख्य लोकांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून उसाच्या मळ्यांत आणले गेले होते. स्वातंत्र्य १९६६ सालीच मिळाले, पण राणी इंग्लंडचीच राहिली. ३० नोव्हेंबर २०२१ ला सँड्रा मेसन या त्यांच्याच बाई राष्ट्राध्यक्ष झाल्या. पंचावन्न वर्षांनी फेरफार झाला. त्या रात्री बेटावर सोहळा का झाला, ते ऊसतोड करणाऱ्या आपल्या भावाबहिणींना पटकन कळेल.

गणराज्य ही कल्पना परकी आहे असे मात्र समजू नये. वैशालीचे वज्जी राजाविना कारभार करीत. मगधाचा राजा अजातशत्रू याला त्यांच्यावर चाल करायची होती. त्याचा मंत्री वस्सकार विचारायला आला, तेव्हा भगवंतांनी सांगितले की वज्जी जोवर वारंवार एकत्र जमतात, एकोप्याने बसतात आणि एकोप्याने उठतात, तोवर त्यांची हानी होणार नाही. अर्थात त्या गणांत अधिकार क्षत्रिय कुळांकडेच होता, हेही विसरू नये. संघाने त्यापुढचे पाऊल टाकले. शाक्य राजपुत्रांनी स्वतःहून विनंती केली आणि त्यांच्या आधी उपाली न्हाव्याला दीक्षा मिळाली. नंतर राजपुत्रांनी त्याला वंदन केले. ठराव मांडणे, मते मोजणे, गणसंख्या पाहणे हे सारे भिक्खुसंघात होते, याची आठवण बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात करून दिली. त्याच भाषणात त्यांनी इशाराही दिला होता की २६ जानेवारीपासून राजकारणात समता येईल, पण समाजात आणि अर्थव्यवहारात विषमता उरेल, आणि ही विसंगती फार काळ चालू दिली तर लोकशाहीची इमारत ढासळेल.

राजकारणातली ती समता केवढी कडक होती पाहा. इंग्रजी अमलात मताचा हक्क मालमत्ता, कर किंवा शिक्षण पाहून मिळे. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सतरा कोटींहून अधिक मतदार होते, आणि त्या काळी शंभरात अठरा माणसांनाच लिहितावाचता येत होते. त्या निवडणुकीत खुद्द बाबासाहेब मुंबईत पराभूत झाले. १९५४ मध्ये भंडाऱ्यातही झाले. आपल्याला आजही ते बोचते. पण ज्यांनी घटना लिहिली त्यांच्यासाठीही तिने वेगळी खुर्ची राखली नव्हती.

यंदा झेंडावंदन झाल्यावर लगेच घरी परतू नका. २६ जानेवारीला पुष्कळ गावांत ग्रामसभा भरते. गावी असाल तर आयाबहिणींसह तिथे जाऊन बसा. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. गेल्या वर्षी ते कशावर खर्च झाले, एवढा एक प्रश्न विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा.