जुनी पिकअप विकायची की ठेवायची?
रत्नागिरीत हापूसच्या पेट्या वाहणारी पिकअप १२ वर्षांनीही एका चावीत सुरू होते. ती बदलावी का?

इंजिनाचं काम करून घेता येतं. रिंगा, बेअरिंगं नवी मिळतात. खरा शत्रू गंज. खाऱ्या हवेतलं मीठ ओलाव्यात विरघळलं की त्यातून वीज सहज वाहते आणि लोखंड झपाट्याने गंजतं. चासीला भोकं पडली, तर इंजिन कितीही गुणी असो, भार पेलणं धोक्याचंच.

शिवाय जुनी ठेवायची, तर ८ वर्षांनंतर मालवाहू गाडीचं फिटनेस प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावं लागतं.

नव्या गाडीचा हिशेबही सरळ नाही. एप्रिल २०२० पासूनच्या बहुतेक बीएस-६ डिझेल गाड्या काजळी फिल्टरमध्ये अडवून जाळतात. हवेसाठी हे फार चांगलं. पण काजळी जाळायला उष्णता लागते, आणि नुसत्या छोट्या फेऱ्यांत फिल्टर तुंबतो.

चासी शाबूत आणि दुरुस्तीखर्च नव्या हप्त्यांहून कमी असेल, तर जुनीच ठेवावी. चासी गेली असेल, तर पावसाळ्याआधी काढावी.