पाऊस मोजा, मगच उसाला पाणी सोडा

एक एकर रानावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर किती पाणी मिळते? सुमारे ४ हजार लिटर. म्हणजे ३० मि.मी. पाऊस एकरभर उसावर सुमारे १ लाख २० हजार लिटर पाणी टाकून जातो. तरीही पाटाची पाळी किंवा रात्रीची वीज आली, की अनेक ठिकाणी दुसऱ्याच दिवशी उसाला भरपूर पाणी सोडले जाते. जमिनीत ओल किती आहे, हे कुणी पाहत नाही.

उसाला हवामान आणि पिकाच्या कालावधीनुसार १५०० ते २५०० मि.मी. पाणी लागते. सोलापूर जिल्ह्यात वर्षाचा सरासरी पाऊस साडेपाचशे मि.मी.च्या आसपास असतो. उरलेली गरज धरण, विहीर आणि बोअरवरच भागते. त्यातही जोराच्या सरीचे बरेच पाणी वाहून जाते, काही मुळांच्या खाली झिरपते. मुळांपाशी टिकतो तोच पिकाच्या उपयोगाचा पाऊस. तेवढाच हिशेबात धरावा.

गरजही सदासर्वकाळ सारखी नसते. उगवण आणि फुटव्यांच्या काळात हलके पाणी पुरते. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस पुढच्या उन्हाळ्यात जोमाने वाढत असतो. तेव्हा पाण्याचा ताण पडला, तर कांड्या आखूड राहतात आणि वजन घटते. तोडणीपूर्वी काही आठवडे मात्र पाणी तोडावे लागते. त्यामुळे वाढ मंदावते आणि उसात साखर साठते.

जास्त पाणी म्हणजे जास्त ऊस, हा समज महागात पडतो. साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही, खत वाहून जाते. सांगली-कोल्हापूर भागात कृष्णाकाठच्या काळ्याभोर जमिनी अतिपाण्याने आणि निचऱ्याअभावी क्षारपड झाल्या. तिथे आता ऊसच काय, गवतही धड उगवत नाही.

उपाय अवघड नाहीत. बांधावर पर्जन्यमापक ठेवा. नसेल तर सरळ कडांचा डबा उघड्यावर ठेवून पट्टीने पाणी मोजा. पाणी सोडण्याआधी वीतभर खोलीवरची मूठभर माती दाबून पाहा. घट्ट गोळा झाला, तर एक-दोन दिवस थांबता येते. पाचट जाळू नका, सरीत पसरा, ओल टिकते. ठिबक असेल, तरी पाऊस पडल्यावर तेवढे तास कमी करा.

वाचलेली एक पाळी मेमध्ये उसाला उपयोगी पडेल, नाहीतर गावच्या पिण्याच्या विहिरीला.