पालाची शिवण

दिवाळीच्या आसपास साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला, की आमच्या होटगीच्या बाजूला ऊसतोडीच्या टोळ्यांची पाले उभी राहतात. आईबाप पहाटेच फडात जातात. तान्ही लेकरे त्या कापडाखाली निजलेली असतात. अवकाळी पाऊस आला, की आधी भिजतात ती हीच. बाजारातली पातळ ताडपत्री उन्हाने कडक होते, चिरते. म्हणून घरी शिवणयंत्र असेल, तर पाल स्वतः शिवून पाहावे. शेताच्या राखणीला, वारीला, मुलांच्या गडावरच्या मुक्कामाला ते कामी येते. जास्तीचे एखादे फडावरही देता येते. अम्मीच्या जुन्या यंत्रावर मी शिवतो, ती रीत सांगतो.

आमचे सोलापूर चादरींसाठी प्रसिद्ध. पण चादर थंडी अडवते, पाणी नव्हे. यासाठी छत्रीच्या जातीचे, एका बाजूने लेप दिलेले नायलॉन किंवा पॉलिएस्टर घ्यावे. ६० इंच पन्ह्याचे १० फूट लांबीचे दोन तुकडे शेजारी जोडले, की जवळपास १० बाय १० फुटांचे छप्पर होते.

कापड कितीही चांगले असो, पाणी शिरते ते शिवणीतून. सुईचे प्रत्येक भोक म्हणजे पाण्याची वाट. टाके फार बारीक घातले, तर कापड टपालाच्या तिकिटासारखे त्याच रेषेवर फाटते. एका सेंटीमीटरला तीन टाके पुरेत. दोरा पॉलिएस्टरचा हवा. सुती दोरा ओलीत कुजतो. जोडताना दोन्ही कडा एकमेकींत अडकवून दुमडाव्यात आणि वरून दोन समांतर शिवणी माराव्यात, जीन्सच्या पायाला असतात तशा. टाचण्या शिवणीच्या पट्टीतच टोचाव्यात. ही जोड आढ्यावर आणावी. तिथे पाणी साचत नाही. शेवटी शिवणीवर सीलंट फासून रात्रभर वाळू द्यावे. कापडाचा लेप सिलिकॉनचा असेल, तर सीलंटही सिलिकॉनचेच हवे. दुसरे त्यावर धरत नाही.

चारही कोपरे आणि आढ्याची दोन टोके यांवर कापडाचे दोन-तीन पदर घालून निवारपट्टीचे फास घट्ट शिवावेत. वाऱ्याचा सारा ताण तिथेच येतो.

पाल उभारताना वारा येतो त्या बाजूची कड जमिनीलगत ठेवावी, उतार भरपूर द्यावा, भोवती चर खणावा. आढ्याच्या दोरीवरून पाणी आत ओघळते. छपराबाहेर तिला एक चिंधी बांधली, की ते तिथेच गळून पडते. चूल मात्र पालाखाली कधीही पेटवू नये. हे कापड ठिणगीने वितळते, पेटते.

हंगामाआधी एकदा अंगणात पाल ताणून त्यावर दोन बादल्या पाणी ओतावे आणि आतून शिवणीवर हात फिरवावा. हात ओला लागला, तर सीलंटचा आणखी एक हात द्यावा. ज्याच्या डोक्यावर ते जाणार आहे, त्याला रात्री दुसरा आडोसा नसतो.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)