एकाच खोलीत दोघे भाऊ, मग क्षय एकालाच का?

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीत दोन भावांपैकी धाकट्याला क्षय निघाला. दहा बाय बाराची खोली, अंथरूण शेजारी-शेजारी, तरी थोरला ठणठणीत. त्यांची आई आम्हाला म्हणाली, "भाऊ, जंतूनंच होत असतं तर थोरल्याला का नाही झालं? कुणीतरी केलंय माझ्या पोराला." गोळ्या बंद करून गंडा बांधायचे घाटत होते.

आम्ही हिशेब लिहिणारी माणसे, पण प्रश्न उडवून लावावा असा नव्हता. अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने मांडले की, कारण म्हणजे ज्याच्यामागून तेच कार्य नेहमी येते ते. पुढे कारण म्हटले की त्यामागे अपवाद नसलेला नियम हवाच, असे पुष्कळ विद्वान धरून चालले. १९७१ साली केंब्रिज विद्यापीठात एलिझाबेथ अँस्कम या विदुषींनी त्यालाच हरकत घेतली. त्यांचे एक उदाहरण संसर्गाचेच. रोग्याजवळ गेलेल्याला रोग होईलच असे सांगता येत नाही. झाला, तर मात्र तो कुठून आला हे डॉक्टर सांगू शकतो.

क्षयाचेही तसेच. हा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ साली बर्लिनमध्ये जाहीर केला. तो अंगात शिरलेल्या शंभरांपैकी जन्मभरात साधारण पाच ते दहाच जण आजारी पडतात. १९३० साली जर्मनीतल्या ल्यूबेक शहरात २५१ तान्ह्या बाळांना पाजलेल्या लसीत चुकून घातक क्षयजंतू मिसळले गेले. ७२ बाळे दगावली. बाकीची जगली, म्हणून त्या ७२ जणांच्या मरणाचे कारण बदलते काय?

कुणी म्हणेल, जंतूंची संख्या, अंगातली ताकद, सारे जमेस धरले तर पक्का नियम निघेल. निघेलही. पण तो अजून कुणी लिहून दिलेला नाही, आणि त्यावाचून औषध अडलेले नाही. शिवाय जंतू हे एकटेच कारण नव्हे. झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या घरच्यांना पोषक शिधा देऊन पाहिला, तेव्हा त्या घरांतले नवे रुग्ण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे रिकामे पोटही कारणच. (हे मात्र कुणी गंड्याने बांधत नाही!)

त्या माउलीला आम्ही एवढेच विचारले, "मागं लग्नात बासुंदी सगळ्यांनी खाल्ली, हगवण चौघांनाच लागली. तरी बोल बासुंदीलाच लावलात ना?" ती हसली. सहा महिन्यांच्या गोळ्यांपैकी चौथा महिना चालू आहे. थोरल्याचीही तपासणी करून घेतली.