प्रवेश मिळाला, छपराचं काय?



बारावीचा निकाल लागतो, सीईटीचे मार्क हाती येतात आणि कॅपच्या फेरीत पुण्याच्या कॉलेजात नंबर लागतो. घरोघर पेढे वाटले जातात. पेढे संपायच्या आत दुसरा प्रश्न दारात उभा राहतो. पोरगं राहणार कुठं?

गेल्या वर्षी जुलैत आम्ही आपल्या एका सभासदांबरोबर त्यांच्या मुलीसाठी खोली बघायला पुण्याला गेलो होतो. पहाटेची एसटी धरली. दुपारपर्यंत खोली ठरवायची आणि रात्री मुक्कामाला गावी, असा आमचा साधा हिशेब. प्रत्यक्षात तीन दिवस गेले. सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ झाली, मग कर्वेनगर, धनकवडी, पार कात्रजपर्यंत पायपीट झाली. जिन्याजिन्यावर ‘कॉट बेसिस’च्या पाट्या. एके ठिकाणी एका खोलीत पाच कॉट आणि खिडकी उघडली की समोर शेजारच्या इमारतीची भिंत. दुसरीकडे खोली बरी होती, पण मालकीणबाई म्हणाल्या, “तासाभरापूर्वीच एकांनी ठरवली हो.”

तिसऱ्या ठिकाणी दलाल म्हणाला, “काका, टोकन टाका, नाहीतर संध्याकाळी हीपण जाईल.” आमच्या सभासदांनी गडबडीत पाच हजार काढून दिले. पावती मागायची राहिली. दुसऱ्या दिवशी त्या खोलीला दुसऱ्याचं कुलूप आणि दलालाचा फोन बंद. रात्री भाच्याच्या खोलीत जमिनीवर पडल्या पडल्या ते म्हणाले, “काट्यावर दहा किलोला आपण भांडतो, आन् हितं पाच हजार बिनपावतीचं दिलं बघा.” त्यावर आम्हाला काही बोलता आलं नाही.

असं का होतं, याचा विचार केला तेव्हा दोन गोष्टी ध्यानात आल्या. पहिली म्हणजे सगळ्यांची वेळ एकच. कॅपच्या याद्या लागल्या की जिल्ह्याजिल्ह्यातून मुलं एकाच पंधरवड्यात पुण्यात उतरतात. पेठांत तर स्पर्धा परीक्षेची मुलं वर्षभर असतातच. त्यांच्या अभ्यासिका तिथं, खानावळी तिथं. कॉलेजच्या वसतिगृहात जागा मोजक्या. मागणी एकदम वाढली की भाव मालकाचा. दुसरी गोष्ट आपल्या खिशाची. मार्च-एप्रिलात कारखान्याचा पट्टा पडतो. सोसायटीची वसुली, खतं, लागणीचा खर्च यांत बिल केव्हाच संपलेलं असतं. आणि नेमकी त्याच वेळी दोन-तीन महिन्यांची अनामत, पहिलं भाडं आणि दलालाचं महिन्याचं भाडं एकरकमी मोजावं लागतं. मग सावकार, नाहीतर बायकोचे डाग.

सन २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी व ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी शासनानं पूर्ण माफ केली. फार चांगलं झालं. पण फी माफ झाली तरी छपराचे पैसे काही माफ झाले नाहीत, आणि मुलीला मागं ठेवायला हेच कारण पुरतं.

त्यासाठी काही योजना आहेत. अल्पभूधारकांच्या मुलांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार, जमातीच्या मुलांसाठी स्वयंम्, इतर मागास व भटक्यांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. मात्र हे पैसे मागाहून खात्यावर येतात, खोली धरताना हातात नसतात. पुण्यातच १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी सुरू केलेली विद्यार्थी सहाय्यक समिती खेड्यातल्या गरजू मुलामुलींची अल्प खर्चात सोय करते. तिथं अर्ज वेळेत करावा.

आता कराराचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. असा करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. खर्चही फार नाही. महिना १०,००० भाडं आणि ३०,००० अनामत असेल, तर अकरा महिन्यांच्या करारावर मुद्रांक शुल्क तीनशेच्या आत बसतं. शहरात नोंदणी फी १,०००. करून देणाऱ्याची मजुरी वेगळी. अनामत कधी परत मिळणार, काय कापणार, मध्येच खोली सोडली तर किती दिवस आधी सांगायचं, हे करारात लिहून घ्या. पैसे खात्यावरूनच द्या. स्वाधारसारख्या योजनेला भाड्यानं राहत असल्याचा पुरावा लागतो, तेव्हाही हाच कागद कामी येतो.

त्या मुलीचं पुढं काय झालं? प्रवेशाच्या रांगेत तिला आपल्याच भागातल्या तिघी भेटल्या. चौघींनी मिळून कर्वेनगरला दोन खोल्यांची जागा घेतली. एकटीला जे झेपत नव्हतं ते चौघींत बसलं. आपण सहकार सहकार म्हणतो तो आणखी काय असतो?

म्हणून आमची एक सूचना आहे. ज्यांची मुलं यंदा पुण्याला जाणार आहेत, त्यांनी मे महिन्यातच गट ऑफिसला नाव सांगावं. गावोगावच्या पालकांची गाठ पडली, तर दोघं-तिघं आधी जाऊन चार जागा बघून येतील. कॅपची यादी लागल्यावर पळापळ नको. बेणं आपण लागणीच्या दिवशी शोधत नाही.

आमच्या त्या सभासदांचा धाकटा यंदा बारावीला आहे. पहिली उचल जमा झाली त्याच दिवशी त्यांनी वीस हजार वेगळे ठेवले. म्हणाले, “हे खोलीचं. ह्याला खतालासुदिक हात लावायचा न्हाय.”