टीव्हीची हाक, उपग्रहाची धावाधाव

अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातील कोर्व्हालिस या गावात ऑक्टोबर २००४ मध्ये एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या दारात पोलीस आणि शोधपथकाची माणसे येऊन उभी राहिली. संकटात सापडलेल्या कोणाची तरी हाक उपग्रहाने टिपली होती आणि तिचा माग या घरापर्यंत आला होता. हाक देत होता विद्यार्थ्याचा दूरचित्रवाणी संच. बिघडलेल्या संचातून १२१.५ मेगाहर्ट्झ या वारंवारतेवर लहरी बाहेर पडत होत्या आणि ही वारंवारता जगभरात विमानांच्या आणीबाणीसाठी राखून ठेवलेली आहे. संच पुन्हा सुरू केल्यास दिवसाला दहा हजार डॉलर दंड होईल, अशी तंबी त्याला मिळाली. उत्पादक कंपनीने नवा संच देऊ केला, तेव्हा प्रकरण मिटले.

किस्सा गमतीचा वाटतो. पण ते पथक तिकडे धावत असताना खरोखरीची हाक दुसरीकडून आली असती तर?

बिनतारी लहरींना देशांच्या सीमा ठाऊक नसतात. म्हणूनच कोणती वारंवारता कोणी वापरायची, हे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या करारान्वये ठरते. जहाजांवर कोणती उपकरणे असावीत हे लंडनची आंतरराष्ट्रीय सागरी संघटना सांगते, तर विमानांचे नियम माँट्रियलची नागरी विमान वाहतूक संघटना घालून देते. या शिस्तीला टायटॅनिकच्या दुर्घटनेने वेग दिला. १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे ते जहाज बुडाले. जवळच असलेल्या कॅलिफोर्नियन जहाजावरील एकमेव बिनतारी चालक मात्र काम संपवून झोपी गेला होता. त्याच वर्षी लंडनला आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पुढे ५०० किलोहर्ट्झ ही सागरी संकटाची लहर ठरली आणि दर तासाला दोनदा, तीन-तीन मिनिटे, तिच्यावर सर्वांनी मौन पाळून केवळ कान द्यायचे, असा दंडक आला. जहाजाच्या बिनतारी खोलीतील घड्याळावर पंधरा ते अठरा आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस या मिनिटांचे पट्टे लाल रंगवलेले असत. दुबळा आवाज ऐकू यावा म्हणून सगळ्यांनी गप्प बसण्याची ही युक्ती फार शहाणपणाची होती. उपग्रह आणि स्वयंचलित संदेशांवर आधारलेली नवी सागरी व्यवस्था १ फेब्रुवारी १९९९ पासून पूर्णपणे अमलात आली आणि ते मौन इतिहासजमा झाले.

विमान आणि जहाज यांची भाषा मात्र वेगवेगळीच राहिली. जहाजांची आणीबाणीची वाहिनी क्रमांक १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ. तिच्यावरील ध्वनी एफएम पद्धतीने जातो, विमानांचा एएम पद्धतीने. त्यामुळे डोक्यावरून जाणाऱ्या विमानाशी जहाजाला आपल्या नेहमीच्या संचावरून बोलता येत नाही. प्रवासी जहाजांवर १२१.५ आणि १२३.१ मेगाहर्ट्झचा संच सक्तीचा आहे तो यासाठीच.

उपग्रहाने हाक ऐकण्याची कल्पना शीतयुद्धाच्या ऐन काळातील. अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स यांनी मिळून कोस्पास-सारसॅट ही व्यवस्था उभारली. सोव्हिएत संघाने १९८२ च्या जूनमध्ये पहिला उपग्रह सोडला आणि सप्टेंबरमध्ये त्याच उपग्रहाच्या मदतीने कॅनडात कोसळलेल्या छोट्या विमानातील तिघांचे प्राण वाचले.

मात्र १२१.५ वरील संकेत मुका होता. तो केवळ घोंघावणारा सूर. हाक देणारे विमान आहे, बोट आहे की कोपऱ्यातला टीव्ही, हे त्यावरून कळत नसे. शिवाय उपग्रहाला संकेत देणारे यंत्र आणि भूकेंद्र एकाच वेळी दिसले तरच निरोप पोहोचे. भर महासागरातील हाक वाऱ्यावर जाई. खोट्या हाकांच्या ढिगाऱ्याला कंटाळून १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी ही वारंवारता ऐकणे थांबवले. विमाने आणि नियंत्रण कक्ष ती आजही ऐकतात आणि शोधपथक शेवटच्या टप्प्यात तिच्याच आधाराने यंत्रापर्यंत पोहोचते.

तिची जागा ४०६ मेगाहर्ट्झने घेतली. येथील यंत्र सतत ओरडत नाही. साधारण पन्नास सेकंदांतून एकदा, सुमारे अर्धा सेकंद ते आपला सांकेतिक क्रमांक सांगते आणि गप्प होते. त्यामुळे अनेक यंत्रे एकाच अरुंद पट्ट्यात नांदू शकतात. क्रमांकात देशाची ओळख असते, भारताची ४१९. मालकाची नोंद झालेली असेल, तर चुकून दाबले गेलेले बटण एका दूरध्वनीत उघडकीस येते आणि हेलिकॉप्टर उडवावे लागत नाही. नोंदणीचा कंटाळा करणारे मालक नेमके हेच विसरतात.

या पट्ट्याचे शेजारी मात्र गडबड्ये निघाले. दोन्ही बाजूंनी वाढलेल्या जमिनीवरील बिनतारी संचांचा गोंगाट उपग्रहाच्या कानात जाऊ लागला. अखेर २०१५ मध्ये जिनिव्हाच्या जागतिक रेडिओ परिषदेत, ४०५.९ ते ४०६ आणि ४०६.१ ते ४०६.२ मेगाहर्ट्झ या लगतच्या पट्ट्यांत स्थिर आणि फिरत्या सेवांना नव्याने जागा देऊ नये, असे ठरले. एक एकर पिकासाठी दोन्ही बांधांलगत एकेक एकर पडीक ठेवावे, तसा हा प्रकार. लहरींना सोन्याचा भाव आलेल्या काळात हा त्याग लहान नाही.

भारतात या हाका बंगळुरूच्या केंद्रात उलगडल्या जातात आणि अरबी समुद्रातील असल्यास तटरक्षक दलाच्या मुंबईतील बचाव समन्वय केंद्राकडे जातात. लहान मच्छीमार नौकांसाठी इस्रोने २०१० पासून वेगळे, स्वस्तातले यंत्र उपलब्ध करून दिले. त्यात एक उणीव होती. बटण दाबल्यावर हाक पोहोचली की नाही, हे तांडेलाला कळायला मार्ग नव्हता. २०२४ मध्ये आलेल्या सुधारित यंत्रात केंद्राकडून नौकेकडे उलट पोच येते.